साठ-सत्तर वर्षांचे बंगले कसे टिकवायचे: आधी गच्ची, मग वारसा

प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडजवळच्या एका जुन्या कॉलनीत १९५५ ते १९७० च्या दरम्यान बांधलेले बंगले होते. त्यातले निम्म्याहून जास्त पाडून तिथे इमारती झाल्या. उरलेल्यांना वारसा म्हणून संरक्षण मिळेल का, आणि परदेशात अशा घरांचा उत्सव भरतो तसा नाशिकमध्ये भरवता येईल का? विचारणाऱ्यांचं स्वतःचं घरही त्यात आहे.

दोन्ही गोष्टी होऊ शकतात, पण क्रम चुकला तर दोन्ही फसतात. मी नाशिकमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. सुरुवात पंचवटीतल्या वाड्यांपासून झाली, पण आता बराचसा वेळ याच बंगल्यांमध्ये जातो. वारसा यादीत नाव आलं म्हणून घर वाचलं, असं क्वचितच घडतं. गच्ची गळायची थांबली, आजी-आजोबांना रात्री बाथरूमला जाणं सोपं झालं आणि भावंडांचं कागदावर एकमत झालं, की घर वाचतं. म्हणून कॉलनीत पहिली बैठक घ्याल तेव्हा 'वारसा' हा शब्द मागे ठेवा. मालकांना त्यात बंधनाचा वास येतो. 'तुमची गच्ची कशी आहे' इथून सुरुवात करा.

ही घरं मोलाची का, हे मालकांनाच नीट माहीत नसतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून होताच. स्वातंत्र्यानंतर सातपूरची औद्योगिक वसाहत आली, १९५९ मध्ये 'मेरी' ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आली, १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, सरकारी अभियंते अशी मंडळी सराफ बाजार आणि भद्रकालीतले वाडे सोडून टिळकवाडी, शरणपूर रोड, पंडित कॉलनी, कॉलेज रोड या बाजूंना प्लॉट घेऊ लागली. वाडा चौकाकडे तोंड करून आत मिटलेला असतो. हा बंगला बाहेर बघतो: पुढे व्हरांडा, कोपऱ्यावर मोठी खिडकी, अंगणात आंबा किंवा नारळ. एका पिढीने आपलं राहणं मुळापासून बदललं, त्याचा हा दगडा-विटांतला पुरावा आहे.

त्यांचं रूप असं का, याला एक व्यवहारी कारण आहे. त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. ते १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. सिमेंट जपून वापरायचं म्हणून भिंती काळ्या दगडाच्या नाहीतर जाड विटांच्या, आणि सिमेंट फक्त स्लॅब, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), छज्जा आणि पोर्चला. जाड भिंतीवर पातळ स्लॅबची ती लांब आडवी रेघ आज आपल्याला देखणी वाटते, ती या टंचाईतून आलेली आहे. आधुनिक वास्तुकलेचं वारं तेव्हा देशभर होतंच. १९५१ पासून चंडीगड उभं राहत होतं, आणि आपल्याच कोकणातल्या आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेच्या अध्वर्यूंपैकी एक असलेल्या ग्रोपिअसच्या हाताखाली शिकून येऊन अहमदाबादेत काम करत होते. नाशिकचे बहुतेक बंगले मात्र स्थानिक अभियंत्यांनी आणि नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समननी आखले, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. घरात जुनी ट्रंक असेल तर त्यात निळा नकाशा, म्हणजे घराची ब्लूप्रिंट शोधा. महापालिका १९८२ ची, त्यामुळे त्यावर नगरपालिकेचा शिक्का असेल आणि कोपऱ्यात त्या माणसाची सही सापडेल. गवंडी, सुतार, दगड घडवणारे वडार यांची नावं आजोबांच्या हिशेबाच्या वहीत असतात. ही वही नकाशाइतकीच महत्त्वाची आहे.

छज्ज्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तोच सगळ्यात आधी तोडला जातो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य ७० अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटांचा छज्जा खाली साडेपाच फूट सावली टाकतो. चार फुटांची खिडकी पूर्ण सावलीत जाते. डिसेंबरात सूर्य ४७ अंशांच्या आसपास उतरतो, सावली जेमतेम दोन फुटांची पडते आणि अर्ध्या खिडकीतून ऊन घरात येतं. नाशिकच्या थंडीत हे ऊन किती हवंहवंसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. जूनमध्ये तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो, म्हणून या घरांच्या उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा दिलेला दिसतो. खिडकीवरचा व्हेंटिलेटर, समोरासमोरची दारं, जिन्यातली सिमेंटची जाळी ही सगळी हवेची सोय आहे. छज्जा तोडून, जाळी बुजवून एसी बसवला की घर तापतं, मग दुसरा एसी लागतो.

आता गच्ची. या घरांचा खरा शत्रू बिल्डर नाही, दर दहा वर्षांनी केलेली चुकीची वॉटरप्रूफिंग आहे. मूळ गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर असतो. तो तडकला की कंत्राटदार त्याच्यावरच दुसरा कोबा घालतो, कारण जुना काढायला मजुरी लागते आणि राडारोडा टाकायला जागा नसते. चार-साडेचार इंचांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी स्लॅब साधारण दीडशे किलो धरून आखलेला असतो. म्हणजे एकच जादा थर घातला तरी ती सगळी सोय संपते, आणि पाणी थांबलेलं नसतं. नियम एकच: जुना कोबा स्लॅबपर्यंत काढा, उताराचे नीट लेव्हल घ्या, पन्हाळीची तोंडं मोठी करा, मग एकच नवा थर आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची चायना मोझॅक. ती हलकी आहे, ऊन परतवते आणि त्या काळाला शोभते.

गच्चीवर पत्र्याचं शेड टाकावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. काही जाणकार नाक मुरडतात. मी म्हणतो टाका, पण पॅरापेटच्या आत, रस्त्यावरून दिसणार नाही इतकं खाली आणि मागे सरकवून, खांब स्लॅबला न भोसकता. पुढे काढता येण्याजोगी गोष्ट घराला इजा करत नाही. पोर्चवर चढवलेला निळा पत्रा मात्र नको.

छताचे पोपडे पडून सळई दिसू लागली की लोक घाबरतात, आणि 'स्लॅब गेलाय, पाडावंच लागेल' असं सांगणारा कुणीतरी लगेच भेटतो. त्याच्या शब्दावर विसंबू नका. तेव्हाचं काँक्रीट हाताने कालवलेलं, एक-दोन-चार (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचं, सळया साध्या गोल. सळईवरचं काँक्रीटचं आवरण बऱ्याचदा अर्ध्या इंचाचंच असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो, काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होतो आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणून पोपडा सुटतो. ही झीज किती आत गेली ते पाहायची परीक्षा स्वस्त आहे: काँक्रीटचा ताजा तुकडा काढून तिथे फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून शाबूत, रंग आलाच नाही तर सळई राखण्याच्या दृष्टीने तो भाग निकामी. बहुतेक बंगल्यांत नुकसान बाथरूमखाली, पन्हाळीजवळ आणि छज्ज्याच्या मुळाशी असतं. खोलीचा मधला स्लॅब ठणठणीत असतो.

दुरुस्ती म्हणजे सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, सळई लखलखीत घासणं, जिची जाडी फार घटली तिच्या शेजारी नवी बांधणं, गंजरोधक लेप देणं आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरणं. गंजलेल्या सळईवर नुसतं प्लास्टर मारणारा माणूस दोन पावसाळ्यांत परत येतो. छज्ज्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असायला हवी. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरून चालले की ती खाली बसते, आणि मग छज्जा भिंतीपाशी तडकतो. अशा छज्ज्याला आधार देऊन तो नव्याने बांधा, पण त्याच मापाचा आणि त्याच जाडीच्या कडेचा. स्ट्रक्चरल इंजिनिअर निवडताना त्याला एवढंच विचारा की त्याने शेवटची दुरुस्ती कधी केली. नवी इमारत आखणारा हुशार माणूस जुन्या स्लॅबबद्दल अकारण घाबरू शकतो.

काळ्या दगडाच्या भिंतीला ऑइलपेंट लावू नका. दगडातून पाणी येत नाही, दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून येतं. दरज पाऊण इंच खरवडून चुना-सिमेंटच्या मिश्रणाने पुन्हा भरा, बस. फरशीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण दर दिवाळीला कुठेतरी एक सुंदर मोझॅक फरशी चकचकीत टाइलखाली गाडली जाते. मोझॅकच्या टाइलवर संगमरवरी चिपांचा पाच-सहा मिलिमीटरचा थर असतो. पांढरी चिप मकराण्याची, काळी भैंसलाण्याची, हिरवी बडोद्याची. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही स्वदेशी कंपनी १९२२ पासून सिमेंटच्या टाइल करत आलेली आहे, त्यामुळे तशा टाइल आजही बनवून मिळू शकतात. फरशी काळी, मळकट दिसते ती वरच्या अर्ध्या मिलिमीटरमुळे. मशीनवाल्याला बोलावून आधी जाडा, मग बारीक दगड फिरवून घ्या आणि शेवटी ऑक्झॅलिकने पॉलिश करा. संडास धुण्याचं ॲसिड कधीही ओतू नका, ते संगमरवराला खाऊन टाकतं. सागवानी खिडक्यांचंही तसंच. बहुतेक वेळा तळची आडवी पट्टी कुजलेली असते, बाकी लाकूड आजच्या बाजारात मिळणार नाही इतकं जुनं आणि दाट. तेवढी पट्टी बदलून घ्या. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीची अर्धीच बाजू उघडते, म्हणजे घराची निम्मी हवा तुम्ही पैसे देऊन बंद करता.

वायरिंग आणि जुने जीआय पाइप पूर्ण बदला. यात जपण्यासारखं काही नाही.

आता अवघड भाग. तुमचा प्लॉट पाच गुंठ्यांचा असेल आणि त्यावर दोन हजार चौरस फुटांचं घर असेल, तर राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआयच (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ आहे, म्हणजे सुमारे सहा हजार चौरस फूट. त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारं क्षेत्र), टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणता येणारा बांधकामाचा हक्क) आणि इतर वाढीव क्षेत्र येतं ते वेगळं, आणि रस्ता जितका रुंद तितकं ते जास्त. हा आकडा ऐकून पुण्यातला भाऊ आणि अमेरिकेतली बहीण 'देऊन टाकू' म्हणाले, तर त्यांना दोष देता येत नाही. वडील गेल्यानंतर वाटणी अर्धवट राहिलेली घरं सगळ्यात आधी पडतात, कारण विकणं हाच सर्वांना समान वाटा देणारा सोपा मार्ग असतो. म्हणून वडीलधारी हयात असतानाच बोला. जो राहणार त्याने इतरांचा वाटा हप्त्यांनी कसा द्यायचा, हे वकिलाकडून लिहून घ्या. संवर्धनाच्या नावाने मी लोकांना दिलेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच आहे.

प्लॉट मोठा असेल तर पुढचा बंगला ठेवून मागच्या भागात वेगळं बांधकाम करता येतं का, ते आर्किटेक्टकडून तपासून घ्या. मागच्या बाजूला खोल्या वाढवणं, जाड भिंतींवर एक मजला चढवणं हेही शक्य असतं. फक्त आधी पायाशेजारी खड्डा घेऊन मुरूम आहे की काळी माती, ते बघा. घरात दवाखाना किंवा वकिलाचं ऑफिस आलं तर मला आनंद होतो. व्हरांडा वेटिंग रूम होतो आणि खोल्या तशाच राहतात. कॅफेलाही माझा विरोध नाही, पण स्वयंपाकघराचा धूर, एक्झॉस्टची भोकं आणि आठवड्याला बदलणाऱ्या भिंती याबाबत भाडेकरारात स्पष्ट अटी घाला.

संरक्षणाच्या यादीचं म्हणाल, तर केंद्राच्या १९५८ च्या स्मारक कायद्याला किमान शंभर वर्षं लागतात. तो रस्ता या घरांचा नाही. रस्ता आहे तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखालच्या वारसा नियमांचा. त्यात तीन श्रेण्या असतात, आणि तिसऱ्या श्रेणीत मालकाला बदलाला बरीच मोकळीक राहते. वारसा इमारतीवरच्या निर्बंधांमुळे न वापरता आलेल्या एफएसआयचा टीडीआर देण्याची तरतूदही नियमावलीत आहे. तुमच्या हातातलं हे सर्वांत वजनदार साधन आहे, कारण त्यातून घर न पाडता पैसे उभे राहू शकतात. मात्र मालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणाचंही नाव पुढे करू नका. कुणी न विचारता यादीसाठी नाव दिलं, एवढ्या भीतीनेच घाईघाईत पाडलेलं घर मी पाहिलं आहे. आधी चार-पाच राजी मालक, त्यांचे नकाशे आणि फोटो, मग महापालिकेला तिसऱ्या श्रेणीचा एकत्र प्रस्ताव. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन दालन १९७२ चं होतं. ६० वर्षं पूर्ण न झालेल्या इमारतींचा विचार करायला तिथल्या वारसा समितीने नकार दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं गेलं. तुमच्या कॉलनीतल्या जुन्या घरांनी ही साठी ओलांडली आहे, हे अर्जात ठळक लिहा. घरपट्टीत सवलतही मागा. कॅलिफोर्नियात १९७२ पासून मिल्स कायद्याखाली, घर जपण्याचा किमान दहा वर्षांचा करार करणाऱ्या मालकाचा मालमत्ता कर कमी होतो. आपल्याकडे असं काहीच घडणार नाही, असं धरून चालू नका. मागितल्याशिवाय तर नक्कीच घडणार नाही.

एक गोष्ट आज, कुठलीही यादी नसताना लागू आहे. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरतं. आजोबांनी वास्तुशांतीच्या वर्षी लावलेला आंबा या वयाचा आहे. कॉलनीतल्या अशा झाडांची नोंद, वयाच्या पुराव्यासह, आत्ताच वृक्ष प्राधिकरणाकडे करून ठेवा. झाड मधोमध उभं असलं की नवा आराखडा बदलावा लागतो, आणि बदललेल्या आराखड्यात कधी कधी घरालाही जागा मिळते.

उत्सवाबद्दल. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्समध्ये २००६ पासून दर फेब्रुवारीत मॉडर्निझम वीक हा अशाच काळातल्या घरांचा उत्सव भरतो. लोक तिकीट काढून घरं बघायला येतात आणि त्यामुळे तिथे त्या घरांना बाजारात मान आहे. त्यातलं उचलण्यासारखं एवढंच की मालकाला आपल्या घराचा अभिमान वाटू लागतो. जवळचं उदाहरण मुंबईचं आहे. आर्ट डेको मुंबई हा उपक्रम २०१६ मध्ये इमारतींच्या नोंदीपासून सुरू झाला. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यामागे तिथल्या रहिवासी संघटनांची अनेक वर्षांची मेहनत होती. नाशिकलाही आधी नोंद हवी. शहरातल्या वास्तुकला महाविद्यालयांतल्या मुलांना मोजमापाचे नकाशे काढायचेच असतात. त्यांना वाड्यांकडे पाठवतात, तसं या घरांकडेही बोलवा. ग्रिलचे नमुने, गेटवरची सिमेंटमधली अक्षरं आणि साल, जिन्याचा कठडा, सगळं टिपून घ्या.

मग नोव्हेंबरात, १९ ते २५ च्या जागतिक वारसा सप्ताहात, एका रविवारी सकाळी तीन घरं उघडा. तीनच. एका वेळी दहा-बारा माणसं, व्हरांडा, हॉल आणि जिना एवढंच, आणि बोलणार घरातली माणसं. प्लॉट घेताना दागिने कसे मोडले, पाण्याचा टँकर कुठून आणला, पहिल्या पावसात स्लॅबवर कोण झोपलं, हे आजींनी सांगितल्यावर शेजारच्या बंगल्याचा मालक घरी जाऊन आपल्या भिंतींकडे नव्याने बघतो. पुस्तिका, टी-शर्ट, प्रायोजक यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. कुसुमाग्रजांच्या टिळकवाडीपासून फेरी काढली तर नाशिककर आपणहून येतील. एक खबरदारी मात्र पाळा. अनेक घरांत वयस्कर माणसं एकटी राहतात, त्यामुळे पत्ते, आतल्या खोल्यांचे फोटो आणि दारांच्या जागा इंटरनेटवर टाकू नका.

आणि तुमच्या गल्लीतलं एखादं घर जाणारच असेल, करार झालेला असेल, तर मालकांवर रागावू नका. त्यांच्याकडे जाऊन पाडण्याआधीचे दोन दिवस मागा. त्या दोन दिवसांत मोजमाप घ्या, फोटो काढा, निळ्या नकाशाची प्रत करा आणि सागवानी दारं, ग्रिल, घडीव दगड उरलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी विकत घ्या. तुमच्या स्वतःच्या घराचं काम मात्र पुढच्या पावसाची वाट न बघता गच्चीपासून सुरू करा. कोबा काढायला फेब्रुवारी-मार्च उत्तम, म्हणजे मेअखेर नवा थर पुरेसं पाणी पिऊन तयार झालेला असेल.